हंगेरीच्या खांद्यावर

माघ लागला की सोलापूरच्या एसटी स्टँडच्या भिंतीवर पैलवान उगवायला लागतात. ‘कुस्त्यांचे जंगी मैदान’ अशी लाल अक्षरं आणि खाली दोन उघडे गडी, छाती फुगवून, एकमेकांकडे न बघता आपल्याकडेच डोळे वटारून बघणारे. सकाळी दूध आणायला म्हणून मी निघतो आणि पिशवी हातात घेऊन तिथंच थबकतो. कुठल्या गावची जत्रा, कुणाची जोड कुणाशी, सगळं वाचतो. घाई कसली? घरी वाट बघणारं कुणी नाही. बायको जाऊन सहा वर्षं झाली, मुलगा पुण्याला, त्याची धांदल त्याच्यापाशी. उशीर होऊन दूध नासलं तर नासलं, चहा काळा प्यायचा.

या दिवसांतली हवा मोठी लहरी. पहाटे चादर गळ्यापर्यंत ओढावी लागते आणि अकरा वाजता तीच चादर बघवत नाही. मंगळवेढ्याच्या गाडीतून उतरणाऱ्या बायांच्या पाट्यांत हुरड्याची कणसं असतात, हिरवा हरभरा असतो. त्या वासानं माझे खांदे आपोआप मागं जातात, मान ताठ होते. बासष्टाव्या वर्षी असले चाळे करणारं हे शरीर बघून माझं मलाच हसू येतं. गुडघे वाजतात, पण ज्वारी निसवली की अंगात अजून कुस्ती येते.

अशाच एका माघात आमच्या गावच्या तालमीत हंगेरी आला.

त्याचं खरं नाव इश्त्वान. तालमीतल्या कुणाच्याच जिभेला ते पेललं नाही, म्हणून दुसऱ्या दिवसापासून तो हंगेरी झाला. आपल्या देशात तो वर्षानुवर्षं चॅम्पियन होता, जगज्जेता झालेला होता. मॅटवरचं वय सरत आलं तेव्हा त्याला मातीतली कुस्ती बघायची हौस आली. परदेशी पैलवानांच्या एका दौऱ्याबरोबर तो इकडं आला, बाकीचे परत गेले आणि हा राहिला. आमच्या वस्तादांनी त्याला तालमीतली कोपऱ्यातली खोली दिली. पहिल्या सकाळी तो हौद्याच्या काठावर उकिडवा बसला, ताक, तेल आणि हळद घातलेली लाल माती त्यानं ओंजळीत घेतली, हुंगली, आणि जिभेच्या टोकाला लावून बघितली. वस्ताद म्हणाले, “आरं, भाकरी मिळंल की, माती कशाला खातुईस?” आम्ही हसलो, आणि कशाला हसतायत ते न कळताच तोही हसला.

भाकरीचंही तसंच. पहिल्या जेवणाला आम्ही मुद्दाम त्याच्या ताटात शेंगाचटणीचा हा एवढा गोळा ठेवला आणि गोऱ्याची कशी तारांबळ उडते ते बघायला टपून बसलो. त्यानं बोटानं चाटली, डोळे मिटले, आणि अजून मागितली. त्याच्या देशातही लाल मिरचीवाचून पान हलत नाही म्हणे. त्याची आई मिरच्यांच्या माळा करून भिंतीवर वाळत टाकायची, हे त्यानं हातवारे करून दाखवलं. आमची मस्करी आमच्याच अंगावर उलटली. महिन्याभरात तो कडक भाकरी हातानं मोडून दुधात चुरायला शिकला. “व्हय” शिकला. कुणी काहीही विचारलं तरी “व्हय, व्हय” म्हणायचा, त्यामुळं एकदा दिवसभर त्यालाच हौदा उकरायला लागला.

त्याच्याबरोबर मी रोज उतरायचो. माझं वय चोवीस, वजन जवळपास त्याच्याइतकं, आणि तालमीत मार खाऊनही परत उठणारा मीच एक, असं वस्तादांचं म्हणणं. तो मला रोज पाडायचा. पाडून झाल्यावर तिथंच मातीत बसून, मी कुठं चुकलो ते माझ्या हाताला, कोपराला, टाचेला हात लावून दाखवायचा. आमच्यात भाषा नव्हतीच. त्यानं धरलेल्या मनगटावरून मला त्याचा राग कळायचा, कंटाळा कळायचा, आणि एखाद्या दिवशी घरची आठवण आलेलीही कळायची. त्या तीन महिन्यांत त्यानं मला जितकं ओळखलं, तितकं पुढं कुणी ओळखलं नाही. बायकोनंसुद्धा नाही, आणि ती बिचारी गुणी होती.

चैतात आमच्या गावच्या जत्रेचं मैदान ठरलं आणि शेवटची जोड लागली: हंगेरी विरुद्ध सिद्धार्थ. सिद्धार्थ म्हणजे मी. घरचे सिदा म्हणायचे.

माझे बाबा दगडाच्या खाणीवर कामाला होते. खालच्या आळीत आमचं घर. पोरगा पैलवान व्हावा म्हणून त्यांनी स्वतःच्या तोंडातलं दूध माझ्या पेल्यात ओतलं, हे मी शब्दाला शब्द खरं सांगतोय. पण मैदानाला यायचे ते पार शेवटी, बाभळीखाली उभे राहायचे. मी म्हणायचो, “बाबा, म्होरं येऊन बसा की. आता कोन आडवतंय?” ते म्हणायचे, “हितनं दिसतंय.” कुणी अडवत नव्हतं हे खरंच होतं. पण त्यांच्या वडिलांना अडवलेलं होतं, त्यांनाही लहानपणी अडवलेलं होतं, आणि पायांना एकदा लागलेली सवय मागंच थांबायची. तिथून त्यांना माणसांची डोकी दिसायची. कुस्ती ते हलगीवरून ओळखायचे.

हलगीचं असं असतं, की कुस्ती रेंगाळली की ती सावकाश वाजते, पकड बसली की चढते, आणि निकाल लागला की जी सुटते ती जिंकणाऱ्याच्या पुढ्यात नाचत नाचत त्याला मैदानभर फिरवून आणते. मैदानात जिंकलेल्यालाच खांद्यावर घेतात. हरलेला मान खाली घालून, अंगावरची माती झटकत बाजूनं निघून जातो. आमच्याकडं हे कुणी कुणाला शिकवत नाही, शेंबड्या पोरालाही ठाऊक असतं. हंगेरीला मात्र ठाऊक नव्हतं. त्याच्याकडं भारी लढत झाली की जिंकणाराच हरलेल्याला उचलून लोकांना दाखवतो. तो त्यांच्यातला मान.

आम्ही वीस मिनिटं लढलो. जगज्जेत्याला वीस मिनिटं! एकदा मी खाली वाकून त्याचा पाय ओढला, पट काढला, तेव्हा तो गुडघ्यावर आला आणि त्याच्या तोंडून असा काही आवाज निघाला की मला वाटलं, आता हा गेला. गेला नाही. मग त्यानं माझ्या मागं येऊन कमरेला मिठी घातली, मला उचललं, स्वतः मागं कमानीसारखा वाकला, आणि मी आभाळ बघितलं. ‘अस्मान दाखवलं’ असं लोक म्हणतात ना, ते खरोखर दिसतं. स्वच्छ, निळं, एक घार फिरत होती. दोन्ही खांदे मातीला टेकलेले मला कळले. इतकी सुंदर कुस्ती मी आयुष्यात केली नव्हती, आणि ती हरलो होतो, आणि मला वाईट म्हणून वाटत नव्हतं. मला हसायला येत होतं.

पंच पुढं यायच्या आत हंगेरीनं मला बगलेत हात घालून उठवलं आणि खांद्यावर घेतलं.

झालं. मागचं मैदान उसळलं. लाउडस्पीकरनं नेमकी तेव्हाच मान टाकली होती, पंच घसा फोडून ओरडत होते, आणि दगडूतात्यांची हलगी सुटली. तात्या आमच्या खालच्या आळीतलेच, त्यांच्यासारखा हात पंचक्रोशीत नव्हता. ती हलगी सुटल्यावर पंचाचं कोण ऐकतो? पुढच्या चार ओळींनी मला पडताना पाहिलं होतं. मागच्या चाळीस ओळींनी मला खांद्यावर पाहिलं, आणि हलगी ऐकली. फेटे उडाले, गुलाल उडाला. हंगेरी हसत हसत गोल फिरत होता आणि त्याच्या खांद्यावर बसून मी “आरं, मी पडलोय! मी पडलोय!” म्हणत होतो. ते कुणालाही ऐकू गेलं नाही. बाभळीखाली बाबा डोक्यावरचा टॉवेल काढून हवेत फिरवत होते. माझ्या जन्मात मी त्यांना तसं केलेलं पाहिलं नव्हतं.

मी घरी पोचेपर्यंत पेढे वाटून झाले होते. मी सांगायला तोंड उघडलं, आणि त्यात बाबांनी पेढा घातला.

उद्या सांगू म्हटलं. मग जत्रा उरकल्यावर. मग आईचं दुखणं निघालं, ते निवळल्यावर. खोटं बोलणं अवघड असतं म्हणतात, पण मी एक शब्दही खोटा बोललो नव्हतो. नुसता गप्प बसलो. हंगेरी पुढच्या आठवड्यात गेला, जाताना गळ्यात पडून रडला, वस्तादांनी त्याच्या खांद्यावर सोलापुरी चादर घातली. पुढच्या ओळीतल्या ज्यांना खरं माहीत होतं त्यांनी दोन-चार दिवस कुजबुज केली, मग त्यांनाही मागच्यांचीच गोष्ट जास्त आवडायला लागली. गावचा पैलवान जगज्जेत्याला पाडतो म्हटल्यावर कोण आपल्याच गावाचं नाक कापून घेईल?

मग आली पुढच्या मैदानाची सुपारी. समोरचा गडी अकलूजकडचा, चांगला होता, पण मला जड नव्हता. मी नाही म्हणालो. पाठ दुखतीय म्हणालो. त्याच्या पुढच्यालाही नाही म्हणालो. हंगेरीला पाडलेला माणूस एखाद्या अकलूजकडच्या पोराकडून पडला तर? बाबांनी वाटलेले पेढे परत कसे घेणार? वस्तादांनी सगळं ओळखलं होतं. एके सकाळी ते म्हणाले, “सिदा, हरलेला पैलवान चालतो मला. पडायला भ्यायला लागला, तो न्हाय चालत.” त्या दिवसानंतर मी मातीत उतरलो नाही. एसटीच्या वर्कशॉपात लागलो. ग्रीस, डिझेल, नटबोल्ट यांत तीस वर्षं गेली. लोक म्हणायचे, “हंगेरीला पाडल्यावर आता ह्येनं लडायचं तरी कुनाशी?”

आणि हंगेरी? तो इथून गेला आणि इथंच राहिला. तालमीत मारुतीशेजारी त्याचा फोटो, त्याला शनिवारी हार. सलूनवाल्याकडं फोटो. हायवेला त्याच्या नावाचा ढाबा, चिकन बरं मिळतं. कुंभारीत एकानं बैलाचं नाव हंगेरी ठेवलं, तो बैल मेला, तर पुढच्याचंही तेच. ताटभर जेवणाऱ्या पोराला आया अजून म्हणतात, “हंगेरी हायेस का रं?” तीन महिने राहिलेल्या माणसावर एवढी माया का, याचं मला फार कोडं पडायचं. पदकं त्याची कुणाला पाठ नाहीत. मला वाटतं, हरूनही त्यानं जिंकणाऱ्याला खांद्यावर घेतलं, अशी लोकांची समजूत आहे, म्हणून. म्हणजे त्याचं नावही त्याच खोट्यावर उभं आहे, आणि माझंही. फरक इतकाच की तो खरोखर मोठा होता. हरलेल्याला उचलणंही काही कमी नव्हे.

मला राग येतो तो कशाचा सांगू? मान मिळाल्याचा नाही. दर जत्रेला मला फेटा बांधतात, पहिल्या खुर्चीवर बसवतात. पण माझ्या आयुष्यातली सगळ्यात भारी गोष्ट ही माझी हार होती, आणि ती मला कुणालाच सांगता येत नव्हती. तो मागं कसा आला, मी त्याचं बोट कसं सोडवायला बघितलं, डावी टाच जरा आधी रोवली असती तर काय झालं असतं, हे मी अडतीस वर्षं भिंतीशी बोललो. मुलाला एकदा सांगायला गेलो, तो म्हणाला, “माहितीये हो बाबा, तुम्ही त्याला पाडलं ना.” मला कुणीतरी एकदाच विचारायला हवं होतं, कसा हरलास? बस्स. दुसरं काही नको.

या माघात मुलानं मोबाइलवर एक व्हिडिओ पाठवला. हंगेरी गेला. त्याच्या गावात बर्फ पडत होतं आणि त्या बर्फात माणसांची ही रांग. पुढं त्याची एक जुनी मुलाखत होती, म्हातारा झालेला, कान चुरगळलेले, हसणं तेच. खाली इंग्रजी अक्षरं. चष्मा लावूनही मला ती पळणारी अक्षरं जमेनात, म्हणून कोपऱ्यावरच्या झेरॉक्सवाल्या ताईकडं गेलो. तिनं वाचून सांगितलं, “काका, ते म्हणतायत की मी सगळं जग फिरलो, पण भारतात एक गाव आहे, तिथले लोक फार मोठ्या मनाचे. तिथं चांगलं लढून हरलेल्या माणसापुढं ढोल वाजवतात, त्याच्यावर रंग उधळतात आणि पोटभर नाचतात.” मग ती म्हणाली, “खरंच का हो? कुठलं गाव हे?”

मी तिला म्हटलं, असेल कुठलं तरी. दुकानाबाहेर येऊन मी उन्हात उभा राहिलो. गेला बिचारा आमच्या नावावर एवढा चांगुलपणा मांडून. माझी लाज मला त्या दिवशी सोसवेना. ठरवलं, यंदा मैदानात सांगायचं.

गेल्या आठवड्यात गावची जत्रा झाली. फेटा बांधून झाला. निवेदक तरणा, आवाजाचा बाप. “मंडळी, ज्यांनी हंगेरीच्या जगज्जेत्याला ह्याच मातीत लोळवलं, त्ये आपलं सिद्धार्थ पैलवान!” मी उठलो आणि त्याच्या हातातला माइक मागून घेतला. म्हणालो, “मंडळी, रामराम, जयभीम. हंगेरी आता ह्या जगात न्हाय. म्हनून खरं सांगतो. त्या दिशी मी पडलो हुतो. त्यानं मला चितपट केला हुता. ह्ये आसं दोनी खांदं टेकलं माजं मातीला. जिंकला त्यो, आन् त्यानं मला उचलला.”

मला वाटलं, सुटलो.

निवेदकानं माइक हळूच काढून घेतला. त्याचे डोळे भरून आले होते, खोटं कशाला सांगू. “बघितलं का मंडळी? ह्येला म्हनत्यात मोठेपना! दोस्त गेला, तर आपली जीत त्याच्या पदरात घातली ह्या मानसानं! आरं, टाळ्या वाजवा की!” टाळ्यांचा कडकडाट झाला. हलग्या सुटल्या. मी “तसं न्हवं, तसं न्हवं” म्हणत होतो आणि माणसं पायाला हात लावत होती. कुणीतरी शेजारी कुजबुजलं, “म्हाताऱ्याला दोस्त गेल्याचं लई लागलंय.”

मी फेटा काढून काखेत धरला आणि मांडवामागं गेलो. भोंग्याच्या खाली सतरंजीवर दगडूतात्या बसले होते. ऐंशीच्या घरात आलेत. सगळा जन्म हलगीशेजारी गेला, कान आता जवळजवळ गेलेत, पण भोंग्याखाली बसल्यानं त्यांना माझं ऐकू गेलं होतं. सतरंजीवर थाप मारून म्हणाले, “सिदा, बस हितं.”

मी बसलो.

“तू पडला त्ये म्या बघितलं हुतं. चार हातावर तर हुतो. काठी थांबली हुती माजी.”

“मग वाजवलीत कशाला, तात्या?”

“तू खांद्यावर बसला की! खालच्या आळीतलं कोन कवा त्या हौद्यात खांद्यावर बसलं हुतं? म्हनलं, वाजीव दगडू, म्होरलं म्होरं.” मग मातीकडं बघत म्हणाले, “अजून एक हाय. तुजा बाप दुसऱ्या दिशी माज्या वट्ट्यावर आला हुता. तुजी पाठ त्यानंच धुतली हुती न्हवं, सांजच्याला? म्हनला, दगडू, पोराच्या दोनी खांद्यांस्नी माती सारकी बसली हुती. पडलं काय रं त्ये? पडलं आसंल तर पडू दे. मला येवडंच सांग, कसं लडलं?”

“मग? काय सांगितलंत?”

“म्हनलो, येडा का खुळा तू? जिंकलं की पोरगं. मला वाटलं, त्येला त्येच ऐकायचं हाय. त्यो उटला, गेला. परत कवा इचारलं न्हाय.”

कसं लढलं? एवढंच. मी ज्याची अडतीस वर्षं वाट बघितली ते दुसऱ्याच दिवशी विचारून झालं होतं, आमच्याच आळीत, चार घरं सोडून. त्यानंतर बाबा अकरा वर्षं होते. रोज सांजेला आम्ही समोरासमोर बसून जेवलो. ते म्हणायचे, अजून थोडं घे. मी म्हणायचो, बास.

मैदानात पुढची जोड लागली होती, सलामी झाली असावी, कारण हलगी सावकाश वाजायला लागली. तात्यांनी माझ्या मांडीवर हात ठेवला. मी त्यांच्या कानाशी तोंड नेलं आणि मोठ्यानं सांगायला लागलो, “पयल्यांदा त्यानं माजं मनगाट धरलं. म्या सोडवलं. मग म्या वाकलो आन् एकेरी पट काढला, त्यो गुडघ्यावर आला...” तात्या मान हलवत होते. त्यांना निम्मंही ऐकू येत नसावं. पण सांगत मी त्यांना नव्हतोच.